सही करा, सुरक्षित व्हा

साइटवर सुरक्षेची जबाबदारी कोणाची? (अ) सेफ्टी ऑफिसरची, (ब) साइट मॅनेजरची, (क) कामगारांची, (ड) वरीलपैकी सर्वांची.

बांधकाम साइटच्या मॅनेजरांना आरोग्य आणि सुरक्षेचं प्रशिक्षण देतात, त्याच्या शेवटच्या चाचणीत हा प्रश्न हमखास येतो. बरोबर उत्तर ‘ड’. ते सगळ्यांना येतं, कारण शिकवणाऱ्यांनी दिवसभरात तेच घोकून घेतलेलं असतं. पाचवा पर्याय मात्र कुणी छापत नाही: (इ) ज्यानं तारीख ठरवली त्याची.

तो गृहस्थ वर्गात नसतोच. वर्गात असतात त्याचे पगारी नोकर. हायवेलगतच्या हॉटेलचा हॉल, गारठवणारा एसी, जेवणात पनीर आणि गुलाबजाम. जेवणानंतरच्या सत्राचा विषय ‘उंचीवरील काम’, आणि निम्मा वर्ग बसल्या जागी पेंगत असतो. अशा एका वर्गात मीही मागच्या रांगेत बसलो आहे. आपत्कालीन दारापुढे प्रायोजकाचा फलक उभा होता आणि शिकवणारे सर त्या फलकाशेजारी उभे राहून आपत्कालीन मार्ग मोकळे ठेवण्याचं महत्त्व सांगत होते. कुणी हसलं नाही. हसायला वर बघावं लागतं, आणि सगळे खाली मान घालून साइटवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला उत्तरं देत होते. आज स्लॅब भरायचा होता ना!

संध्याकाळी प्रमाणपत्र. त्याची झेरॉक्स ऑडिटच्या फाइलमध्ये जाते, मूळ प्रत साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम होते, आणि मॅनेजर ‘प्रशिक्षित’ होतो. उद्या काही बरंवाईट झालं तर कंपनी पोलिसांना तो कागद दाखवायला मोकळी: बघा, आम्ही तर शिकवलं होतं. म्हणजे प्रशिक्षणानं सुरक्षित कोण झालं, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

आता मुद्द्याचं. साइट मॅनेजरला काही माहीत नसतं, म्हणून अपघात होतात, या गृहीतावर हा सगळा डोलारा उभा आहे. ते साफ खोटं आहे. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे, हे त्याला डिप्लोमाच्या वर्गातच शिकवलेलं असतं. भारतीय मानक ४५६ मध्ये तक्ताच आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा स्लॅब असेल तर सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा. तुळई सहा मीटरपेक्षा लांब असेल तर एकवीस. दीड मीटरहून खोल खणलं तर बाजूंना आधार द्यायचा किंवा उतार ठेवायचा, हे मानक ३७६४ मध्ये आहे. हे त्याला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. टेकू तरीही पाचव्या दिवशी निघतात. का? कारण सोमवारच्या आढावा बैठकीत पडद्यावर एक लाल पट्टी येते आणि वरचे साहेब शांतपणे विचारतात, “पाटील, आपला स्लॅब सायकल किती दिवसांचा ठरला होता?”

या एका प्रश्नावर सगळी मानकं विरघळतात.

वर्गात ‘काम थांबवण्याचा अधिकार’ शिकवतात. हा तर या प्रशिक्षणाचा मुकुटमणी. लॅमिनेट केलेलं एक कार्ड गळ्यात घालतात: काम असुरक्षित वाटल्यास कोणीही, कधीही, थांबवू शकतो. खाली मॅनेजिंग डायरेक्टरांची सही. कार्ड दिसायला देखणं असतं. वापरून बघा एकदा. समजा, नवव्या मजल्याचा स्लॅब भरायचा आहे आणि आपल्या पाटलांना दिसलं की टेकूंच्या जॅकना आडवे बांध नाहीत, काही जॅकखाली तर फळीऐवजी विटांचे तुकडे सारलेत. गेटवर काँक्रीटच्या चार गाड्या उभ्या. गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो ओतायला हवा, असा त्याही धंद्याचा नियम आहे. म्हणजे पाटलांनी कार्ड काढलं की चार गाड्यांची चार घड्याळं सुरू. पंपवाला भाडं मागणार. सेंटरिंगचा ठेकेदार म्हणणार, साहेब, गेले आठ स्लॅब असेच भरले, काय झालं? तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटचा फोन. मग वरून फोन. वरचा फोन कधीही “भरून टाक” म्हणत नाही. तो म्हणतो, “पाटील, तुम्ही अनुभवी आहात, साइटवर तुम्हीच आहात, बघा काय ते.” गाड्या परत पाठवल्या तर त्या मालाचं नुकसान कुणाच्या नावावर लिहायचं, याचा रकाना मात्र तयार असतो.

पाटील बघतात. दोन बिगारी पाठवून चार बांध मारून घेतात, मनातल्या मनात देवाचं नाव घेतात आणि गाडी रिकामी करायला सांगतात. बहुतेक वेळा काही होत नाही. सगळी गोम त्या ‘बहुतेक वेळा’त आहे, कारण तोच पाटलांचा खरा शिक्षक. हॉटेलच्या हॉलमधले सर एक दिवस शिकवतात, हा रोज शिकवतो. पुण्यातल्या बालेवाडीत जुलै २०१६ मध्ये बहुमजली इमारतीचा स्लॅब भरतानाच कोसळला आणि नऊ कामगार गेले. त्याआधीचे स्लॅब नीटच उभे होते.

बरं, काम थांबवणारा दुसरा माणूस कोण? सेफ्टी ऑफिसर. त्याचं वार्षिक मूल्यमापन बहुतेक ठिकाणी प्रोजेक्ट मॅनेजर भरतो. म्हणजे ज्याचं काम थांबवायचं त्याच्याच हातात थांबवणाऱ्याची पगारवाढ. त्यामुळे तो हुशार माणूस काम थांबवत नाही, रजिस्टर भरतो. सकाळी काम सुरू होण्याआधी सुरक्षेच्या सूचना द्यायचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे टीबीटी. पाच मिनिटांची टीबीटी आणि पंधरा मिनिटांच्या सह्या. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. काही साइटवर पुढच्या चार दिवसांचे अंगठे आजच घेतात, तेवढीच शाई वाचते. भाषा? सांगणारा मराठी वळणाच्या हिंदीत सांगतो. ऐकणारे कटिहार, मुर्शिदाबाद, कलबुर्गी आणि नंदुरबारचे. काहीजण आदल्या रात्रीच रेल्वेतून उतरलेले. कुणी प्रश्न विचारत नाही, तेव्हा रजिस्टरमध्ये नोंद होते: सर्वांना समजले.

मग हेल्मेट. आपल्याकडे सुरक्षा म्हणजे हेल्मेट आणि हेल्मेट म्हणजे सुरक्षा. पाहुणे आले की पांढरं हेल्मेट, मंत्री आले की नवं पांढरं हेल्मेट. वास्तविक याच वर्गात एक उतरंड शिकवतात: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर पद्धत बदला, मग कठडे आणि जाळ्या लावा, मग नियम आणि परवाने, आणि हे सगळं करूनही काही उरलं तर त्यासाठी हेल्मेट, बूट, बेल्ट. हेल्मेट यादीत शेवटचं आहे. साइटवर मात्र ते पहिलं, आणि बरेचदा एकुलतं एक. कारण उघड आहे. कठडा कंपनीनं लावायचा असतो, हेल्मेट कामगारानं घालायचं असतं. कठडा नसला तर दोष कंपनीचा. हेल्मेट नसलं तर दंड कामगाराचा, तोही रोजातून कापून.

आणि हेल्मेट कुणाला वाचवणार होतं, तेही बघू. २९ जून २०१९, पुण्यातला कोंढवा. मध्यरात्र उलटून गेलेली. सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा माणसं मेली, त्यात चार मुलं. ती कामावर नव्हती, झोपली होती. भोसरी, ऑक्टोबर २०२४: लेबर कॅम्पमधली पाण्याची टाकी सकाळी फुटली, पाच जण गेले. तेही उंचीवर नव्हते, नळावर होते. लेबर कॅम्प कुठे टाकायचा, भिंतीपासून किती लांब, टाकी कुणी बांधायची आणि ती भरण्याआधी कुणी तपासायची, यावर प्रशिक्षणात किती वेळ जातो? ‘कल्याण सुविधा’ नावाची एक स्लाइड असते. तिच्यावर पाळणाघराचं चित्र असतं, गुटगुटीत बाळासह.

येरवड्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये तळघरातली सळयांची जाळी कोसळून पाच जण दगावले, तेही रात्री. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळून वीस जण गेले, ती ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधली रात्र. ठाण्यात बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात जण मेले, तो रविवार. वर्ग मात्र सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच. सेफ्टी ऑफिसरची ड्यूटीही बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहाला संपते. साइटची संपत नाही.

नागपाड्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. ९ मार्च २०२५, पुन्हा रविवार. मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला कामगार उतरले आणि गुदमरून चौघे मेले. असल्या मरणाचं शास्त्र साधं आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ च्या खाली गेला तर माणूस आत उतरवायचा नाही, हा अनेक देशांतला दंडक. महिनोन्‌महिने झाकलेल्या टाकीत ओलं लाकूड, शेवाळ, गाळ कुजत राहतो आणि ऑक्सिजन खातो. वास येतोच असं नाही, डोळ्याला काही दिसत नाही. पहिला उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा. या मरणात पहिला बळी अज्ञानाचा असतो, पुढचे माणुसकीचे. उपाय म्हणजे हातात मावणारा वायुमापक, हवा खेळवणारा ब्लोअर, कमरेला दोर आणि तोंडाशी उभा एक माणूस, ज्यानं काहीही झालं तरी आत उडी मारायची नाही. यातली एकही गोष्ट नव्वद लाखांच्या फ्लॅटला महाग नाही.

आणि हो, ४ ते १० मार्च म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तिच्या नावानं दरवर्षी शपथा, घोषवाक्य स्पर्धा आणि समोसे होतात. नागपाड्याचे चौघे त्याच आठवड्यात गेले.

कायदा काय करत होता? कायदा होता. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा. सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोडणं तसंच चालू ठेवलं तर रोज शंभर रुपयांपर्यंत जादा. वाचकहो, पुण्यात नो पार्किंगमधून गाडी उचलून नेली की जे होतं त्याच्याशी याची तुलना तुम्हीच करा. प्रशिक्षणाची फीसुद्धा या दंडापेक्षा जास्त असायची. म्हणजे नियम शिकणं महाग होतं आणि मोडणं स्वस्त. अशा बाजारात हिशोबी माणूस काय घेईल?

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आकडे वाढलेत, हे मान्य करू. नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, आणि त्यातला निम्मा तरी मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. पूर्वी सेफ्टी ऑफिसर पाचशे कामगारांच्या साइटला लागायचा, आता अडीचशेला. ठीक. पण पुण्या-नाशिकच्या बहुतेक इमारती चाळीस-साठ माणसांत उभ्या राहतात. अडीचशेच्या आतल्या साइटवर सेफ्टी ऑफिसर कोण? तर आपले पाटील. आणि अडीचशेच्या वरची साइट कागदावर तीन ठेकेदारांत वाटून कशी द्यायची, हे आमच्याकडे कुठल्याही प्रशिक्षणाविना येतं.

बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो, त्यातून महाराष्ट्रात भांड्यांचे संच वाटले गेले. कुकर मिळाला, चांगलं झालं. पण टाकीत उतरणाऱ्याला कुकरचा उपयोग नाही.

परदेशाचे दाखले देणं मला फारसं आवडत नाही, पण एक देतो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. ब्रिटनमध्ये साइट मॅनेजरसाठी एसएमएसटीएस नावाचा अभ्यासक्रम आहे. पाच दिवसांचा, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र पाच वर्षांपुरतं, मग दोन दिवसांची उजळणी. आमचे सल्लागार हे सगळं तोंडभरून सांगतात आणि लगेच आपल्या कोर्सचं माहितीपत्रक पुढे करतात. पाच दिवसांत कुणी सर्वज्ञ होत नाही. २०२३-२४ या वर्षात तिथेही ५१ माणसं बांधकामावर मेली. न सांगितली जाणारी अर्धी गोष्ट निराळी आहे. तिथल्या २०१५ च्या बांधकाम नियमांत जो काम करून घेतो, ज्याच्या पैशानं इमारत उभी राहते, त्याच्यावर कर्तव्य टाकलं आहे: कामाला पुरेसा वेळ आणि पुरेशी साधनं द्यायची. वेळ! तारीख ठरवणारा माणूस कायद्यानं वर्गात आणून बसवला आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची सगळी मैदानं एकही मृत्यू न होता बांधली गेली. तिथल्या गवंड्यांना जन्मतः अक्कल जास्त होती म्हणून नव्हे. काम करून घेणारा पहिल्या दिवसापासून त्या हिशोबात होता.

माझं म्हणणं एवढंच की मॅनेजरांचे वर्ग दोन वर्षं बंद ठेवले तरी चालतील. आधी विकासकांचे घ्या. पूर्ण दिवस, फोन बाहेर ठेवून. हजेरी मालकाची, प्रतिनिधी चालणार नाही. अभ्यासक्रम छोटा आहे. निविदेत ‘सुरक्षा: एकरकमी, दरांत समाविष्ट’ ही ओळ लिहायची नाही, जाळी, कठडे, वायुमापक, धड लेबर कॅम्प यांच्या स्वतंत्र बाबी, स्वतंत्र दर, आणि बिलात ते दिसलं पाहिजे. समाविष्ट म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे नाही, हे आपल्या ठेकेदाराला कुणी शिकवावं लागत नाही. सेफ्टी ऑफिसरचं मूल्यमापन प्रोजेक्ट मॅनेजरकडून काढून घ्यायचं. पावसाळ्यात खोदाईचं वेळापत्रक आपोआप लांबेल, ते आधीच लांबवून लिहायचं. आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक मॅनेजरच्या नावापुढे एक आकडा मांडायचा: यानं यंदा काम किती वेळा थांबवलं? शून्य असेल तर ती साइट आदर्श नाही, तिथला माणूस घाबरलेला आहे. शून्य अपघाताचा फलक लावणाऱ्या कंपन्यांना हे पटणार नाही. अपघात लपवला तरी तो फलक टिकतो, म्हणून तर तो त्यांना प्रिय असतो.

चाचणीही मीच काढतो. प्रश्न एकच. गेटवर चार गाड्या उभ्या आहेत आणि तुमच्या मॅनेजरनं स्लॅब थांबवलाय. तुम्ही त्याला फोन करून काय म्हणाल? पर्याय नाहीत, वाक्य लिहा.

विकासक म्हणतील, तारीख आम्ही थोडीच ठरवतो, गिऱ्हाईक ठरवतं. हे मात्र अगदीच खोटं नाही. फ्लॅटधारकांच्या ग्रुपवर नजर टाका. “दोन दिवस काम बंद दिसतंय, काय चाललंय?” “दसऱ्याला पझेशन म्हणाले होते.” “महारेराकडे तक्रार करू या.” हक्काचंच आहे. हप्ता आणि भाडं एकदम भरणाऱ्याला घाई असणारच, आणि उशीर झाला की व्याज मागण्याचा अधिकार कायद्यानंच दिलाय. पण त्या ग्रुपवर “लेबर कॅम्प कुठे टाकलाय?” असा प्रश्न आजवर मी वाचलेला नाही. टाइल्सचा रंग, पार्किंगची रुंदी, जिममध्ये ट्रेडमिल किती, हे सगळं विचारलं जातं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी साइटवर जाल, सॅम्पल फ्लॅट बघाल, चहा-बिस्किटं होतील, तेव्हा विक्रीवाल्या मुलीला म्हणा, आता कामगार राहतात ती जागा दाखवा. भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या कडेला खोल्या आहेत का, पाण्याची टाकी कशावर उभी आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यासाठी कुठल्याही प्रशिक्षणाची गरज नाही. दाखवायला नकार दिला तर त्या दिवशी चेक देऊ नका.